स्थिर बसण्याचा सद्गुण

आपल्या शाळांनीं मुलांच्या हालचालीला पिढ्यान्‌पिढ्या दोनच जागा ठेविल्या: एक मैदानावर आणि दुसरी शिक्षेंत. गृहपाठ राहिला कीं उठाबशा. उत्तर चुकलें कीं बाकावर उभें राहणें. यांतून मुलाला मिळालेला धडा एकच: शहाणें मूल हलत नाहीं.

२०१६ सालीं महानगरपालिका झालेल्या पनवेल शहरांत अंगणें गेलीं व सदनिका आल्या. मूल गाडींत बसून शाळेस जातें, तेथें बाकावर बसतें, आणि घरीं येऊन शिकवणीला पुन्हां बसतें. म्हणून दोन तासिकांच्या मध्यें पांच मिनिटें मुलांना उठून हातपाय हलवूं द्यावे, असें शिक्षणतज्ज्ञ सुचवितात. सूचना लहान आहे. परंतु ती कोणत्या कारणास्तव मान्य करावयाची, हा नीतीचा प्रश्न आहे.

नेहमीचें उत्तर असें कीं, त्यायोगें अभ्यास सुधारतो. तें खोटें नव्हे. अशा विसाव्यानंतर मुलांचें लक्ष पाठाकडे अधिक लागतें, असें बहुधा आढळलें आहे; गुण वाढतात कीं नाहीं, याविषयीं मात्र निष्कर्ष एकसारखे नाहींत. शरीर आणि स्मरण यांचें नातें आपल्याकडे जुनेंच आहे: वेदपाठशाळेंत उदात्त-अनुदात्त स्वर मानेच्या व हाताच्या हालचालींनीं शिकवितात, आणि पाढे म्हणणारीं मुलें आपोआप डुलूं लागतात.

परंतु एवढेंच उत्तर पुरेसें मानलें, तर उद्यां गुण न वाढल्यास तीं पांच मिनिटें परत घ्यावयाचीं काय? पाण्याच्या घोटाचें समर्थन कोणी गुणपत्रिकेवरून करीत नाहीं. मूल तहानेलें आहे, एवढें पुरे. आठ वर्षांच्या देहाला हालचालीचीही तहानच असते. ताराबाई मोडकांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्रामीण बालशिक्षणाचें काम मांडलें. पुढें कोसबाडला अनुताई वाघांसह कुरणशाळा चालविली. गुरें राखणारीं मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच कुरणावर गेली. तेथें मुलाला शाळेच्या मापाचें न करतां शाळेला मुलाच्या मापाची केली.

शिक्षक म्हणतील, भरगच्च वर्गांत गोंगाट होईल. होईलही. पण बाकाजवळ उभें राहून हात ताणण्यास मैदान लागत नाहीं. मात्र त्याची कवाईत करूं नये. ज्याला बसावेंसें वाटेल, त्याला बसूं द्यावें.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें शारीरिक शिक्षेस बंदी केली, तेव्हां उठाबशांचा प्रश्न निदान कागदावर मिटला. परंतु मधल्या सुटींत वर्गांत बसवून ठेवणें ही शिक्षा कोणास शिक्षा वाटत नाहीं. आणि ती बहुधा वाट्यास येते कोणाच्या? वर्गांतील सर्वांत चंचल मुलाच्या. ज्याला तहान अधिक, त्याच्याच हातचा पेला आपण काढून घेतों.