जिज्ञासा आणि वडिलांचा मान

रविवारच्या सुट्टीत मुलांना कोठे न्यावे, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबात निघतो. जत्रा, नातलगांचे घर किंवा गोव्याचा समुद्रकिनारा ही आपली नेहमीची ठिकाणे होत. त्यांत आता विज्ञान केंद्राची भर पडली आहे. गुंजीहून लोंढा, अळणावर या मार्गाने धारवाडला जाता येते आणि तेथे कर्नाटक विश्वविद्यालयाच्या परिसरात २०१२ सालापासून प्रादेशिक विज्ञान केंद्र आहे. मुंबईत वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र १९८५ साली सुरू झाले. जुन्या वस्तुसंग्रहालयात ‘हात लावू नये’ अशी पाटी असे. येथे मुलाने स्वतः हात लावावा, फिरवावे, ओढावे, अशीच अपेक्षा असते. फ्रँक ओपेनहायमर या शास्त्रज्ञाने १९६९ साली सॅन फ्रान्सिस्को येथे अशीच संस्था उभारली आणि ती पुढे जगभर अनेकांना आदर्शभूत झाली.

परंतु या सहलीतून एक नैतिक प्रश्न उद्भवतो, त्याकडे आपण लक्ष दिले पाहिजे. आज यंत्राजवळ उभे राहून ‘खरे आहे का, पाहू’ म्हणणारे मूल उद्या घरी आपल्या शब्दालाही तेच म्हणेल. मग वडीलधाऱ्यांच्या मानाचे काय?

ही शंका क्षुद्र नव्हे. संसार विश्वासावर चालतो. पावसाळ्यातील ओढ्याची खोली किंवा सर्पाचे विष मुलाने स्वानुभवाने पारखावे, असे कोणीही म्हणणार नाही. तेथे मोठ्यांचा शब्द हाच आधार होय. तथापि प्रत्येक गोष्ट ओढ्यासारखी धोक्याची नसते.

एक साधे उदाहरण घेऊ. खुंटीला एक मीटर लांबीचा दोरा बांधून त्याच्या टोकाला दगड लावावा आणि हलकेच झोका द्यावा. वीस सेकंदांत सुमारे दहा पूर्ण हेलकावे होतात. ते वीस व्हावेत यासाठी दोरा किती आखूड करावा, असे नातीने विचारले, तर आजोबा सहज म्हणतील, ‘निम्मा कर.’ नात दोरा पन्नास सेंटिमीटरचा करील, मोजील आणि म्हणेल, ‘आजोबा, चौदाच भरले!’ वीस हेलकाव्यांसाठी दोरा पाव मीटर, म्हणजे पंचवीस सेंटिमीटर करावा लागतो. वेळ निम्मा करावयाचा, तर लांबी चौथाई करावी लागते, हा लंबकाचा नियम आहे. दगड जड घेतला म्हणून त्यात फरक पडत नाही.

त्या क्षणी आजोबांपुढे दोन मार्ग असतात. ‘मोठ्यांना शिकवू नकोस’ असे म्हटल्यास नात गप्प बसेल. पण प्रश्न मनात दडवावयास शिकेल आणि मोठी झाल्यावर आपल्या मुलांनाही तसेच गप्प बसवील. ‘पुन्हा मोजून पाहू’ असे म्हणून ते तिच्याशेजारी बसले, तर दोरा लहानथोर पाहत नाही हे तिला कळेल आणि सत्य मानल्याने माणूस लहान होत नाही हेही कळेल. जो मान कधीही न चुकण्यावर उभा असतो, तो पहिल्याच मोजमापात ढासळतो. प्रेम, कष्ट आणि प्रामाणिकपणा यांवर उभ्या असलेल्या मानाला दोऱ्याचे भय नाही. उलट अशा आजोबांचा ओढ्याविषयीचा शब्द नात अधिक विश्वासाने ऐकेल.

मुलांकडेही एक कर्तव्य येते. यंत्राचा दांडा गरगर फिरवून पुढे धावणे म्हणजे प्रयोग नव्हे. हाताला मोकळीक मिळाली की डोळ्यांनी थांबले पाहिजे. आपले अनुमान चुकले, तर ते मुलानेही निमूटपणे सोडले पाहिजे. दोऱ्यापुढे आजोबांना जो नियम, तोच नातीलाही.

म्हणून विज्ञान केंद्रात जाणाऱ्या मातापित्यांना एवढीच विनंती आहे. मूल यंत्राशी असताना उत्तर सांगण्याची घाई करू नये. सर्व दालने एका दिवसात पाहिलीच पाहिजेत, असा हट्ट धरू नये. आपणास जे ठाऊक नाही, ते ‘ठाऊक नाही, पाहू’ असे मोकळेपणाने म्हणावे. घरी परतल्यावर खुंटी, दोरा आणि दगड तर प्रत्येकाजवळ आहेतच.