अंगण अरुंद, म्हणून…

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण आपण नाचणाऱ्याला टोचायला वापरतो. पण अंगण खरोखरच अपुरं असेल आणि ते वाढवणं कुणाच्या हाती नसेल, तर? मग नाचच बदलावा लागतो. बोस्टनमध्ये चार्ल्स नदीकाठी असलेल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या स्टेडियमची गोष्ट अशी आहे.

लाकडी प्रेक्षागारं कुजत, पेट घेत. तेव्हा १८७९ साली पदवी घेतलेल्या तुकडीने दिलेल्या एक लाख डॉलरच्या देणगीचा आधार घेऊन १९०३ मध्ये इथे सळई घातलेल्या काँक्रीटचं स्टेडियम उभं राहिलं. आयरा हॉलिस या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांचा आराखड्यात मोठा वाटा होता. प्राचीन ग्रीक क्रीडांगणासारखा घोड्याच्या नालेचा आकार, आणि पायऱ्या थेट मैदानाच्या कडेला भिडलेल्या. एवढी मोठी वास्तू काँक्रीटमध्ये बांधण्याचं तेव्हा धाडसच होतं.

इथे खेळलं जाई ते अमेरिकी फुटबॉल. लांबट चेंडू हातात धरून धावायचं, समोरच्यांनी अडवायचं. तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकलं की चेंडू आपल्याकडेच राहायचा. एवढं अंतर कापायला डोकं चालवण्याची गरज नव्हती. घोळका करून समोरच्यांना तुडवत गेलं की पुरे. हाडं मोडत, माणसं मरत. १९०५ च्या हंगामात किमान अठरा जण दगावले. स्वतः हार्वर्डचे पदवीधर असलेले राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्या ऑक्टोबरमध्ये हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांना तर हा खेळ विद्यापीठात नकोच होता.

नियम ठरवणाऱ्या मंडळींत येलच्या वॉल्टर कॅम्प यांचा शब्द वजनदार. त्यांनी सुचवलं, मैदान चाळीस फुटांनी रुंद करा. जागा मिळाली की घोळका विरळ होईल. उपाय सोपा होता, पण हार्वर्डचं मैदान दोन्ही बाजूंनी काँक्रीटमध्ये बांधलेलं. दोन-तीन वर्षांपूर्वीच बांधलेल्या पायऱ्या फोडणार कोण? सूचना मागे पडली आणि दुसरी वाट पुढे आली: चेंडू हवेतून पुढे फेकायला परवानगी द्यायची. १९०६ च्या नियमांत हा ‘फॉरवर्ड पास’ आला, पाच यार्डांची अट दहावर गेली, दोन्ही संघांच्या रांगांमध्ये मोकळी पट्टी राखली गेली. जमिनीवर न मिळालेली मोकळीक खेळाने आकाशात शोधली.

एकट्या भिंतीने इतिहास घडवला, असं मी म्हणणार नाही. मृत्यूंचा धक्का होता, लोकांचा रोष होता, बदल झाले नाहीत तर हार्वर्ड खेळ सोडेल ही भीतीही होती. पण सोपी पळवाट त्या काँक्रीटने बंद केली, हे खरं. मैदान रुंद झालं असतं तर घोळका थोडा पसरला असता. ताकद हेच सर्वस्व मानणारा विचार तसाच राहिला असता. पासमुळे नजर, अंदाज, वेळेचं भान यांना किंमत आली. तीही लगेच नाही: सुरुवातीला पास चुकला की जबर दंड होता, आणि त्याची खरी ताकद देशाला दिसली १९१३ साली, नोत्र दाम विद्यापीठाच्या संघाने पासच्या जोरावर आर्मी या लष्करी अकादमीच्या संघाला हरवलं तेव्हा.

खेळ निर्धोक झाला नाही. डोक्याला बसणाऱ्या आघातांचा प्रश्न आजही जिवंत आहे. तरीही विद्यापीठ कशासाठी असतं, याचं एक उत्तर मला या पायऱ्यांत दिसतं. अडचण आली की एकजण म्हणतो बंद करा, दुसरा म्हणतो जागा वाढवा. विद्येचं काम तिसरं: आपण कुठल्या रीतीने वागतो आहोत, ते तपासणं. मैदानाची रुंदी आजही तीच आहे, एकशेसाठ फूट. बदलली ती खेळण्याची रीत.