शाक्यसंघातील ठराव आणि आपले दोन मंडप



आषाढी पौर्णिमेपासून लोह्याच्या आपल्या या वस्तीत परमपूज्य बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू आहे. दिवसभर सोयाबीनच्या रानात राबून आलेली माणसे हातपाय धुतात, पांढरी वस्त्रे नेसतात आणि विहारात येऊन बसतात. मागच्या आठवड्यात वाचन संपले, खीरदान झाले, माणसे उठली, आणि एक भगिनी मागे थांबल्या. त्यांच्या घराने तीन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली आहे. त्या म्हणाल्या, "गुरुजी, दीक्षा देताना तुम्ही शरणं तीनच सांगितली होती. बुद्ध, धम्म अन् संघ. आता दोन्हीकडचे लोक घरी येऊन इचारायलेत, तुम्ही कोणाचे म्हणून. हे चौथं शरण कवा निघालं?"

मला तेव्हा उत्तर देता आले नाही. उद्या सांगतो म्हणालो आणि घरी गेलो. पस्तीस वर्षे पोरांना शिकवणारा मास्तर एका प्रश्नाला निरुत्तर झाला, हे तुमच्यापासून लपवण्यात काय अर्थ आहे?

या भगिनींनी प्रश्न उगाच विचारलेला नाही. वैशाखात त्यांच्या पुतणीचे लग्न होते. एका गटाच्या बौद्धाचार्यांना आमंत्रण गेले होते. ते आले, पण पुढच्या खुर्चीवर दुसऱ्या गटाचे पुढारी बसलेले दिसताच आल्या पावली परत फिरले. नवरा-नवरी हार हातात घेऊन उभी, वर वैशाखाचे ऊन, आणि जुन्या नात्यातले पाहुणे एकमेकांकडे पाहून हसत होते. त्यांच्यातले एक वृद्ध काका मोठ्याने म्हणाले, "जोशीबुवाला बोलवा. तो गट तरी इचारत नाही." शेवटी मीच त्रिशरण-पंचशील देऊन लग्न लावले. लग्न लागले. पण काकांचे ते बोलणे माझ्या कानातून अजून गेलेले नाही. या घराने बावीस प्रतिज्ञा घेतल्या, माळेगावच्या यात्रेत तळी उचलणे सोडले, त्यापायी भावकीने दोन वर्षे त्यांच्या दारात पाऊल ठेवले नाही. एवढी किंमत मोजून ती माणसे ज्या घरात आली, त्या घरातले मोठे भाऊ अंगणात भिंत घालत बसले आहेत!

ही भिंत काही लोह्यात बांधली गेली नाही. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला, तेव्हा बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणाला वर्षही पुरे झाले नव्हते. पुढच्या दोन-तीन वर्षांतच त्यात फूट पडली. तरीही कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला तेव्हा लाखो माणसे तुरुंगात गेली. १९७२ साली दलित पँथर जन्मली, तिचीही पुढे शकले झाली. १९९८ साली ऐक्याच्या बळावर चार नेते एकाच वेळी लोकसभेत गेले. पुढच्या निवडणुकीपर्यंत ते ऐक्य टिकले नाही. कोण चुकले याचा निवाडा करायला मी येथे उभा नाही. ती चर्चा चहाच्या हॉटेलात रोज होते आणि रोज अर्धवट राहते.

मी तुम्हाला ग्रंथातल्या एका प्रकरणाकडे नेऊ इच्छितो. ते आपण वाचनाच्या पहिल्या आठवड्यात वाचले होते, पण तेव्हा पाऊस पडत होता आणि विहारात फार थोडी माणसे होती.

शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत होती. दोघेही तिचे पाणी शेताला घेत. आधी कोणी घ्यायचे, किती घ्यायचे, यावरून दर हंगामात तंटे होत. कॅनॉलच्या पाळीवरून बांधाबांधावर काय होते, ते लिंबोटीच्या धरणाकाठच्या माणसांना मी वेगळे सांगायला नको. एका वर्षी मारामारी झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघाची सभा बोलावली आणि कोलीयांशी युद्ध करण्याचा ठराव मांडला. त्या सभेत सिद्धार्थ गौतम आठ वर्षांचा जुना सभासद होता. तो उभा राहिला आणि म्हणाला की युद्धाने प्रश्न सुटत नाही. एवढ्यावर तो थांबला नाही. त्याने उपसूचना मांडली: आपल्यातून दोन माणसे निवडा, कोलीयांना त्यांची दोन निवडू द्या, या चौघांनी मिळून पाचवा माणूस निवडावा, आणि या पाचांनी तंटा मिटवावा.

बंधूंनो, लक्षात घ्या, राजपुत्राने शांततेवर भाषण करून टाळ्या घेतल्या नाहीत. त्याने कामाची रीत सांगितली. उपसूचनेला अनुमोदनही मिळाले. पण मते पडली तेव्हा सेनापतीचा ठराव प्रचंड बहुमताने मंजूर झाला आणि सिद्धार्थ हरला.

आता पुढे काय झाले ते पाहा. दुसऱ्या दिवशी सैन्यभरतीचा ठराव आला. सिद्धार्थाने भरती व्हायला नकार दिला. सेनापतीने धमकी दिली की तुझ्या कुटुंबावर बहिष्कार टाकू, तुमच्या जमिनी जप्त करू. सिद्धार्थ म्हणाला, अपराध माझा आहे, शिक्षा मला एकट्याला द्या. आणि त्याने परिव्रज्या पत्करली. बाबासाहेबांनी गृहत्यागाची कथा अशी सांगितली आहे. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून एकोणतीस वर्षांचा माणूस घर सोडतो, ही कथा त्यांच्या बुद्धीला पटली नव्हती.

मी हे प्रकरण किती वेळा वाचले असेन! पण एक गोष्ट मला या वर्षीच दिसली. सिद्धार्थ हरला, त्याला बहुमताचा निर्णय चुकीचा वाटत होता, तो त्यात सामील झाला नाही. तरी त्याने दुसरा शाक्यसंघ काढला नाही. त्याला अनुमोदन देणारे होते. चार माणसे घेऊन 'शाक्यसंघ, सिद्धार्थ गट' असा फलक त्याला लावता आला नसता काय? त्याने मतभेद ठेवला, त्याची किंमत स्वतः भरली, आणि संघ एकच राहू दिला. पुढे राजगृहात त्याला कळले की शाक्य आणि कोलीयांचा समेट झाला.

आमच्याकडे याच्या उलट चालते. मत पटले नाही की आम्ही पावती पुस्तक छापतो. या वर्षी १४ एप्रिलला आपल्या वस्तीत दोन मंडप होते, दोन मिरवणुका होत्या, दोन डीजे होते. कोणाची मिरवणूक चौकात आधी यायची याची वेळ पोलिसांनी ठरवून दिली. दोन्ही फलकांवर पुढाऱ्यांची छायाचित्रे बाबासाहेबांच्या छायाचित्राहून मोठी होती. आणि विहारातली अभ्यासिका? तिच्या कुलपाच्या किल्ल्या दोन, एक या गटाकडे, एक त्या गटाकडे. एक कुलूप उघडले तर दुसरे उघडत नाही. पत्रा गळतो म्हणून पुस्तकांवर प्लॅस्टिक टाकले आहे.

१९७८ सालच्या श्रावणात मी चौथीत होतो. लोहा तेव्हा कंधार तालुक्यात होते. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि मराठवाडा पेटला. आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळेंचा त्यात बळी गेला. आम्ही पोरे-बाया दोन रात्री ज्वारीच्या रानात बसून होतो. माझे वडील सालगडी होते, त्यांना अक्षर येत नव्हते. ते आईला म्हणाले, "जाळणाऱ्यांनी काही इचारलं नाही, तू गायकवाडाचा का कांबळ्याचा." विद्यापीठाचा नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला, आणि त्याआधी १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडात गौतम वाघमारेंनी स्वतःला जाळून घेतले. परवा-परवाची गोष्ट, जून २०२३: नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत अक्षय भालेराव या तरुणाचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याच्या रागातून तो झाला अशी फिर्याद आहे. ज्या जयंतीसाठी एका गावात पोराचा जीव जातो, ती जयंती आम्ही दुसऱ्या गावात कोणाची म्हणून भांडतो.

आता त्या भगिनींच्या प्रश्नाकडे येतो. पुढारी भांडतात तेव्हा साध्या गृहस्थाने काय करावे? तथागतांच्या हयातीतच हे घडले आहे. कोसंबीच्या घोषितारामात दोन भिक्खूंत वाद झाला. कारण काय, तर शौचाच्या जागी भांड्यात उरलेले पाणी! एक म्हणे हा दोष आहे, दुसरा म्हणे नकळत झाले तर दोष नाही. त्यांच्या शिष्यांत वाद झाला, मग उपासकांत, आणि भिक्खूसंघ दुभंगला. तथागतांनी समजावले, तर ते म्हणाले की भगवंतांनी स्वस्थ राहावे, आमचे आम्ही पाहून घेऊ. तथागत निघून गेले आणि पारिलेय्यकाच्या वनात एकटे राहिले. तेव्हा कोसंबीच्या गृहस्थांनी ठरवले की या भिक्खूंना वंदन करायचे नाही, भिक्षाही वाढायची नाही. थोड्याच दिवसांत भिक्खू श्रावस्तीला जाऊन समेटाला तयार झाले. ज्यांचे मन तथागतांच्या उपदेशाने वळले नाही, त्यांचे मन रिकाम्या भिक्षापात्राने वळले!

पण कथा एवढ्यावर संपत नाही. हे भांडखोर भिक्खू श्रावस्तीला येत आहेत असे कळल्यावर अनाथपिंडिकाने विचारले, मी यांच्याशी कसे वागू? तथागतांनी त्याला सांगितले की दोन्ही बाजूंना दान दे, दोन्ही बाजूंचे ऐक, आणि जे धम्माला धरून बोलतात त्यांचे मान. म्हणजे एका नगरात गृहस्थांनी हात आखडला, आणि दुसऱ्या नगरात तथागतांनी हात मोकळा ठेवायला सांगितला. यात विरोध आहे असे मला बरीच वर्षे वाटत होते. आता वाटत नाही. जेवणाच्या पंगतीत, लग्नात, मयतीत, आजारात दोन्ही बाजूंची माणसे आपली आहेत. तेथे कोणाला वगळू नये. मात्र भांडण चालू ठेवायला जो खर्च लागतो, तो आपल्या घरातून देऊ नये. मंडपाचा, डीजेचा, फलकाचा पैसा पुढाऱ्यांच्या खिशातला नसतो. तो तुमच्या कापूस वेचणीच्या मजुरीतला असतो.

मी स्वतः काय केले? दरवर्षी दोन्ही गटांची पावती फाडली. कोणाचा राग नको म्हणून. कोणी फार आग्रह केला तर म्हणायचो, मी सरकारी नोकर, मला राजकारणात पडता येत नाही. तो नियम खराच आहे. पण वस्तीतल्या दोन भावांना एका सतरंजीवर बसवू नये, असा नियम कोणत्याही परिपत्रकात नाही. नोकरीच्या आड मी लपलो होतो.

येत्या फेब्रुवारीअखेर मला अठ्ठावन्न वर्षे पुरी होतात. ही आडही जाणार. दोन्ही गटांचे निरोप आले आहेत. एक म्हणतो तालुक्याचे अध्यक्षपद घ्या, दुसरा म्हणतो नगरपरिषदेला उभे राहा. माझा निरोप समारंभसुद्धा दोन मंडपांत व्हायचा बेत आहे! शिवाय फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे येणार म्हणून पाहुण्यांची वर्दळ वाढली आहे, ती वेगळीच. जे निवृत्त होत आहेत त्यांना मी सिगालोवाद सुत्ताकडे बोट दाखवीन. तथागतांनी तेथे गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, चौथा अडचणीच्या दिवसासाठी राखून. धर्मासाठी घर धुऊन द्या असे त्यांनी गृहस्थाला सांगितलेले नाही. आणि बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात मिळकतीचा विसावा हिस्सा या कार्याला मागितला. शंभरातले पाच. पेन्शनीतून तेवढे मी अभ्यासिकेच्या पत्र्याला आणि पुस्तकांना देणार आहे. पावती मंडपाची नको, पत्र्याच्या दुकानाची हवी.

पैशापेक्षा वेळेचा हिशेब मला अवघड गेला. चोवीस तासांचा विसावा हिस्सा जवळजवळ सव्वा तास होतो. नोकरीत असताना रोज सव्वा तास मी समाजाला दिला काय? वर्षातून महिनाभरही दिला नसेल. निवृत्त माणसाने तेवढा वेळ दिला, तर त्यात नवदीक्षित घरांतल्या मुलांना पंचशील पाठ होते आणि गणितही होते. गेली दोन वर्षे हा वर्ग बंद आहे, कारण तो कोणाच्या नावाने चालवायचा हे ठरत नाही.

मागच्या रविवारी मी दोन्ही गटांच्या घरी पायी गेलो आणि शाक्यसंघातली ती उपसूचना त्यांच्यापुढे ठेवली. पुढच्या जयंतीसाठी, किल्लीसाठी आणि बौद्धाचार्यांच्या प्रश्नासाठी यांनी दोन द्यावेत, त्यांनी दोन द्यावेत. खरे सांगतो, चहा मिळेल एवढीच माझी अपेक्षा होती. पण दोघांनीही दोन-दोन नावे दिली. पाचवे नाव म्हणून चौघे मला म्हणाले, गुरुजी, तुम्हीच व्हा. मी नाही म्हणालो. इतकी वर्षे दोन्हीकडे पावत्या फाडणाऱ्याला निवाडा करण्याचा अधिकार नाही. मी त्या भगिनींचे नाव सुचवले. चौघांपैकी एक म्हणाले, त्या काल आलेल्या, त्यांना समाजाचे काय कळते? मी त्यांना वैशाखातल्या लग्नाची आठवण दिली. ते गप्प बसले, पण हो म्हणाले नाहीत.

भाद्रपद पौर्णिमेला वाचनानंतर विहारात ही बैठक आहे. सर्वांनी यावे, लेकीसुनांना घेऊन यावे. त्या भगिनींनीही अजून होकार दिलेला नाही. त्यांनी मला एवढेच विचारले, "दोन्हीकडची पावती पुस्तकं आधी माझ्याकडं देतील का?" तो प्रश्न मी चौघांपर्यंत पोहोचवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.