रायन डे यांना कोणी काढू नका

30 नोव्हेंबर 2024 च्या दुपारी आम्हा मिशिगनवाल्यांची एकच मागणी होती: ओहायो स्टेट विद्यापीठाने आपले फुटबॉल कोच रायन डे यांना मुळीच काढू नये. जमलं तर करार वाढवून द्यावा, पगार वाढवावा, स्टेडियमबाहेर पुतळा उभारावा. कोलंबसमध्ये त्यांचेच समर्थक त्यांच्या हकालपट्टीच्या घोषणा देत होते आणि सुमारे दोनशे मैलांवर, ॲन आर्बरमध्ये, आम्ही त्यांना उदंड आयुष्य चिंतत होतो. सलग चार लढतींत आमच्याकडून हरलेला कोच वैऱ्याच्या घरी आणखी दहा वर्षं राहावा, असं कोणाला वाटणार नाही?

हा विनोद मी तेव्हा पुरेपूर उपभोगला. पण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे आणि ते तपासण्याजोगं आहे. डे आमच्यापुढे हरतात कारण ते सुमार कोच आहेत, असं आम्ही धरून चाललो होतो. माझं मत वेगळं आहे. निदान त्या चौथ्या लढतीत तरी ते हरले, कारण ते आमचं ऐकत होते.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी थोडी पार्श्वभूमी द्यायला हवी. डेट्रॉइटच्या आसपास, ट्रॉय, नोव्हाय, कँटन या गावांत मोटार कंपन्यांच्या निमित्ताने आलेली मराठी कुटुंबं भरपूर आहेत. ‘हा कसला फुटबॉल, पाय लागतो कुठे चेंडूला?’ असं म्हणत प्रत्येक जण सुरुवातीला नाक मुरडतो. मग मुलगा किंवा मुलगी मिशिगन विद्यापीठात जाते आणि घरात निळे-पिवळे झेंडे येतात. खेळ कॉलेजच्या मुलांचा, पण ॲन आर्बरच्या स्टेडियमची क्षमता 1,07,601 आहे आणि ते भरतं. डे यांचा पगार ओहायोच्या गव्हर्नरच्या कितीतरी पट. या दोन राज्यांचं भांडणही खेळाहून जुनं. 1835 मध्ये टोलेडो गावाच्या पट्ट्यावरून दोन्हीकडचे स्वयंसैनिक समोरासमोर आले होते. टोलेडो ओहायोला मिळालं, मिशिगनला भरपाई म्हणून उत्तरेकडचं द्वीपकल्प. पहिला सामना 1897 चा. आता तो नोव्हेंबरच्या अखेरच्या शनिवारी होतो, आणि त्या आठवड्यात ओहायो स्टेटच्या आवारातल्या पाट्यांवरच्या प्रत्येक ‘एम’ अक्षरावर लाल फुली मारलेली असते. मिशिगनला हरवलं की तिथल्या खेळाडूंना सोन्याच्या चड्डीच्या आकाराचं छोटंसं पदक मिळतं. ही रीत 1934 पासूनची. हसू येतं खरं, पण चार-चार वर्षं खेळून ते पदक न मिळालेली मुलं 2024 मध्ये त्या संघात होती.

अशा ठिकाणी कोचचं मोजमाप कसं होतं? डे यांनी त्या दिवसापर्यंत साठहून अधिक सामने जिंकले होते आणि दहा गमावले होते. त्या दहांपैकी चार आमच्याविरुद्ध. इतर कुठल्याही विद्यापीठाने अशा माणसाला डोक्यावर घेतलं असतं. कोलंबसमध्ये त्या चारांनी साठ पुसून टाकले. हे तिथे पहिल्यांदा घडलं असंही नाही. 1988 ते 2000 या काळात जॉन कूपर तिथे कोच होते. त्यांनी 111 सामने जिंकले, पण मिशिगनविरुद्ध त्यांचा हिशेब दोन विजय, दहा पराभव आणि एक बरोबरी असा राहिला. 1993, 1995 आणि 1996 या तिन्ही वर्षी त्यांचा संघ आमच्यासमोर आला तेव्हा एकदाही हरलेला नव्हता, आणि तिन्ही वर्षी हरून गेला. 1996 चा निकाल 13–9, तोही कोलंबसमध्ये. कूपर यांचं नाव आजही तिथे त्या तेरा वर्षांच्या जखमेसारखंच घेतलं जातं.

एका सामन्यावरून माणसाची किंमत करणं अन्यायाचं आहे, असं म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. परंपरागत वैऱ्याशी होणारा सामना हाच या खेळाचा गाभा आहे. तो काढला तर उरतो तो टीव्हीच्या कंत्राटांचा धंदा. तेव्हा मोजपट्टी चुकीची नाही. प्रश्न आहे तो त्या मोजपट्टीने मोजला जाणारा माणूस कसा बदलतो याचा.

टोमण्यांची सुरुवात आमच्याकडून झाली नव्हती, हेही नोंदवायला हवं. 2019 मध्ये डे यांच्या संघाने आम्हाला 56–27 असं धुतलं. 2020 च्या उन्हाळ्यात बातमी आली की, आपल्या खेळाडूंशी बोलताना मिशिगनवर शंभर गुण चढवू असं डे म्हणाले. त्या वर्षी कोविडमुळे सामनाच झाला नाही. पुढच्या वर्षी ॲन आर्बरच्या बर्फात आम्ही 42–27 असे जिंकलो, त्यात जवळपास तीनशे यार्ड नुसते धावून काढले. हसन हॅस्किन्सने पाच टचडाउन केले. सामन्यानंतर आमचे कोच जिम हार्बॉ यांनी बेसबॉलचा दाखला देत एक शेरा मारला. त्याचा मतितार्थ असा की, काही लोक आयतेच तिसऱ्या बेसवर उभे असतात आणि तिथवर आपण स्वतःच्या फटक्याने आलो असं त्यांना वाटतं. नाव घेतलं नव्हतं, घ्यायची गरजही नव्हती. आधीचे कोच अर्बन मायर यांनी उभारलेला संघ डे यांना वारशात मिळाला होता.

तेव्हापासून एक शब्द त्यांच्या मागे लागला: नाजूक. देखणे पास टाकतात, पण धक्काबुक्कीची वेळ आली की गळपटतात. सप्टेंबर 2023 मध्ये लू होल्ट्झ या 86 वर्षांच्या माजी प्रशिक्षकांनी साधारण हेच बोलून दाखवलं. डे यांच्या संघाने नोत्र दामला शेवटच्या सेकंदाला 17–14 असं हरवलं आणि मैदानावरच कॅमेऱ्यासमोर डे उसळले. होल्ट्झ आता कुठे आहेत, ते काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. जिंकलेल्या माणसाने आपल्या खेळाडूंचं नाव घ्यायच्या आधी एका निवृत्त म्हाताऱ्याचं नाव घ्यावं! आम्ही हसलो. पण बाण कुठे रुतलाय हे त्या संध्याकाळी सगळ्या देशाला दिसलं.

2024 च्या सामन्याआधी ते आणखी एक वाक्य बोलून गेले. वडिलांचा मृत्यू आणि अशा आणखी काही गोष्टी सोडल्या तर मिशिगनकडून हरणं ही आपल्या कुटुंबासाठी सर्वांत वाईट घटना होती, अशा अर्थाचं. डे लहान असताना त्यांच्या वडिलांनी आत्महत्या केली. त्याविषयी ते उघडपणे बोलतात आणि मुलांच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांनी व त्यांच्या पत्नीने निधीही उभारला आहे. त्यामुळे ही तुलना त्यांनी सहज केली असेल असं मी मानत नाही. या पंक्तीत खेळातला पराभव बसवणारा माणूस त्या शनिवारी थंड डोक्याने विचार करेल, अशी अपेक्षा ठेवणंच कठीण होतं.

आता तो सामना. मिशिगन त्या दिवशी खरोखर सामान्य संघ होता. सहा विजय, पाच पराभव. आमचा क्वार्टरबॅक डेव्हिस वॉरन याने अख्ख्या सामन्यात पासने 62 यार्ड मिळवले आणि दोन चेंडू शत्रूच्या हातात दिले. सट्टेबाजांनी आम्हाला वीसेक गुणांनी मागे धरलं होतं आणि ते बरोबर होते. आमच्याकडे एकच जागा पोलादी होती: बचावफळीचा मध्यभाग. तिथे मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट हे दोन धिप्पाड गडी. पुढच्या वर्षी दोघेही एनएफएलच्या निवडीत पहिल्या फेरीत गेले. ओहायो स्टेटच्या आघाडीच्या रांगेतले दोन महत्त्वाचे खेळाडू दुखापतीने बाहेर होते. उलट पास झेलायला त्यांच्याकडे जेरेमाया स्मिथ आणि एमेका एगबुका. स्मिथसारखा नवखा खेळाडू या पातळीवर क्वचित पाहायला मिळतो.

शेंबड्या पोरालाही कळेल की चेंडू बाहेर फेकायचा. ओहायो स्टेटने तो मध्यातून धावत नेला. पुन्हा नेला. ग्रॅहम-ग्रँटच्या भिंतीवर आपटले, उठले, पुन्हा त्याच भिंतीवर. दिवसाअखेर धावून मिळाले अवघे 77 यार्ड. टीव्हीसमोर आम्ही मराठी मंडळी उरलेल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर ताव मारत बसलो होतो. दर वेळी ते आत घुसले की कोणीतरी म्हणे, ‘अरे, पुन्हा? चालू द्या, चालू द्या.’ अखेर केलेल मलिंग्सने 27 यार्डांची मुसंडी मारली, शेवटचं मिनिट उरलं असताना डॉमिनिक झ्वाडाने लाथेने तीन गुण मिळवले आणि 13–10.

चाली ठरवायचं काम त्या मोसमात डे यांनी चिप केली यांच्याकडे सोपवलं होतं, त्यामुळे प्रत्येक चालीचं खापर डे यांच्यावर फोडता येणार नाही. त्यांच्या किकरने दोन सोप्या किका वाया घालवल्या, तेही खरं. तरी संघाची वृत्ती मुख्य कोच ठरवतो. त्या दिवशी ती वृत्ती जिंकण्यापेक्षा ‘आम्ही नाजूक नाही’ हे सिद्ध करण्याची होती. ते सिद्ध कोणापुढे करायचं? आमच्यापुढे. ज्यांना त्यांचं भलं व्हायला नको होतं, अशा लोकांच्या आक्षेपाला त्यांनी मैदानावर उत्तर दिलं, आणि उत्तर देण्यासाठी आमचीच सर्वांत भक्कम जागा निवडली. सासूच्या टोमण्याला उत्तर म्हणून सून मुद्दाम न येणारा पदार्थ करायला घेते आणि करपवून ठेवते, तशातली गत.

माझा हा सिद्धांत आधीच्या तीन पराभवांना लागू होत नाही, हे मान्य करायला हवं. 2021 ते 2023 मिशिगन मुळातच सरस होता. (ओहायोवाले यावर आमच्या एका कर्मचाऱ्याने केलेल्या खुणांच्या चोरीचं प्रकरण काढतील. काढू द्या. 2024 मध्ये तो कर्मचारी नव्हता.) चौथा पराभव मात्र डे यांनी स्वतःच्या हाताने ओढवून घेतला, आणि पुढे जे घडलं त्यामुळे माझं मत आणखी पक्कं झालं.

तीनच आठवड्यांनी राष्ट्रीय विजेतेपदाच्या बाद फेरीत टेनेसीचा संघ कोलंबसमध्ये आला. टेनेसीच्या लोकांना डे नाजूक आहेत की कणखर, याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. ओहायो स्टेटने चेंडू स्मिथकडे फेकला. पहिल्या पंधरा मिनिटांत 21–0, शेवटी 42–17. मग ऑक्टोबरमध्ये ज्यांच्याकडून एका गुणाने हरले होते त्या ओरेगनवर रोझ बोलमध्ये 34–0 अशी आघाडी. टेक्ससला 28–14. 20 जानेवारी 2025 ला अटलांटात नोत्र दामविरुद्ध अंतिम सामना. आघाडी आठ गुणांवर आलेली, तिसरा प्रयत्न, अकरा यार्ड हवेत. सावधपणे धावून घड्याळ चालू ठेवायची ही वेळ. त्यांनी स्मिथकडे लांब पास टाकला. 56 यार्ड. 34–23, राष्ट्रीय विजेतेपद. तेच खेळाडू, तोच कोच. समोर फक्त आम्ही नव्हतो.

हार्बॉ यांच्याशी तुलना इथे करावीच लागते, कारण 2020 च्या अखेरीस ते नेमके डे यांच्या जागी होते. ओहायो स्टेटविरुद्ध पाचपैकी पाच सामने गमावलेले, मोसमात दोन विजय आणि चार पराभव, आणि कोलंबसमध्ये हीच प्रार्थना चाललेली: हार्बॉ तिथेच राहोत. विद्यापीठाने त्यांना ठेवलं, पण मूळ पगार जवळजवळ निम्म्यावर आणून. हार्बॉ यांनी तो घोट गिळला, सहायक बदलले, माइक मॅकडॉनल्ड यांना बचाव सोपवला आणि रोजच्या सरावात ओहायोला हरवण्याच्या नावाचाच एक धक्काबुक्कीचा भाग घातला. टोमणा त्यांनाही लागला होता. फरक एवढाच की त्याचं उत्तर त्यांनी मार्चपासून सरावात शोधलं, नोव्हेंबरच्या एका दुपारी नाही. तीन वर्षांनी 15–0 आणि राष्ट्रीय विजेतेपद.

म्हणजे वैऱ्याला हवाहवासा वाटणारा कोच ठेवला की विजेतेपद मिळतं, असा नियम काढायचा का? तसं अजिबात नाही. आमचे रिच रॉड्रिगेझ तीन वर्षं राहिले, ओहायो स्टेटपुढे तिन्ही वेळा हरले आणि त्यांना काढलं हे योग्यच झालं. डे वाचले त्यातही योगायोगाचा भाग मोठा आहे. बारा संघांच्या बाद फेरीचं ते पहिलंच वर्ष होतं. आधीच्या चार संघांच्या पद्धतीत दोन पराभवांनंतर ओहायो स्टेटला ती दारं बंदच झाली असती. मग डिसेंबरभर कोलंबसमध्ये एकच विषय राहिला असता. टेक्सस ए अँड एमने 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना घालवण्यासाठी साडेसात कोटी डॉलरहून अधिक रकमेची जबाबदारी पत्करली. या व्यवसायात पैसा कोणाला अडवत नाही. एका वेळापत्रकाने डे यांना टेनेसी दिलं, आणि टेनेसीने त्यांना आमच्या तोंडापासून दूर नेलं.

29 नोव्हेंबर 2025 ला ते विजेते म्हणून ॲन आर्बरला आले. बर्फ पडत होता, 2021 सारखाच. ओहायो स्टेट 27–9 जिंकली. अंगात आल्यासारखं काही नव्हतं, म्हाताऱ्या माणसांची नावं घेणं नव्हतं. रीतसर, थोडा कंटाळवाणाच म्हणावा असा विजय. डे आता आमच्याविरुद्ध सहापैकी दोन जिंकले आहेत, म्हणजे आकड्यांत आम्ही अजून पुढे आहोत. पण ‘यांना काढू नका’ असं म्हणायला गेलो तर कोलंबसचा मित्र शांतपणे सांगतो, ‘नाही काढत.’ नाजूक म्हणावं तर हातात विजेतेपद आहे, वारशाचं म्हणावं तर मायर पद सोडून बरीच वर्षं झाली. 2026 चा सामना कोलंबसला आहे. तोवर काहीतरी नवीन शोधायला हवं.