रोज बारा वाजतात

माझा जन्म सातव्या महिन्यातला. तेव्हापासून घाई माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे. लोकल फलाटाला लागण्यापूर्वी मी आत असतो आणि उतरायच्या आधी दोन स्टेशनं दारात उभा असतो. चहा मी गिळतो. त्याची चव मला फक्त ऐकून माहीत आहे. देवळात प्रदक्षिणा घालतानासुद्धा पुढच्याला "चला, चला, पुढे चला" म्हणतो. सौ.चं म्हणणं असं, की यमाच्या दारातही मी रांग मोडून घुसेन.

आमच्या शाखेत माझ्या शेजारच्या पिंजऱ्यात वसईचे एक कॅशियर बसतात. आम्ही त्यांना वसईकरच म्हणतो. नोटा मोजण्यात मशीनच्या तोंडात मारतील असा हात. पण रोज दुपारी ठीक बारा वाजता हे गृहस्थ समोरच्या नोटांवर पेपरवेट ठेवतात, डोळे मिटतात आणि मिनिट-दीड मिनिट या जगातून उठून जातात. बाहेर रांग ताटकळत असते. पहिल्यांदा मला वाटलं, बिचाऱ्यांना डायबिटीस असावा. मी खिशातली गोळीसुद्धा पुढे केली. त्यांनी ती खाल्ली आणि मग खुलासा केला.

"आमच्याकडे चर्चची घंटा वाजते. सकाळी, दुपारी बाराला आणि संध्याकाळी. आंजेलुसची प्रार्थना. देवदूतानं मरीयेला निरोप दिला, त्याची आठवण. आमचे बाबा केळीला पाणी लावत असले तरी घंटा झाली की फावडं खाली ठेवायचे. इथं घंटा ऐकू येत नाही, म्हणून घड्याळाकडे बघतो."

"पण वसईकर, रांगेत वीस माणसं! प्रत्येकाचं एक मिनिट म्हणजे वीस मिनिटं झाली की हो!" मी बी.कॉम. आहे, हे मी असं अधूनमधून सिद्ध करत असतो.

"तू चहाला जातोस तेव्हा करतोस का रे हा गुणाकार?"

विषय तिथेच संपला. म्हणजे संपला असता.

पेन्शनचा आठवडा होता. काउंटरवर एका आजींनी पासबुक आणि पैसे काढायची स्लिप सरकवली. मी मान वर न करताच म्हटलं, "सही आजोबांचीच लागेल. उद्या त्यांनाच पाठवा. पुढचे कोण?" आजी क्षणभर थांबल्या, "बरं" म्हणाल्या आणि गेल्या. दहा मिनिटांनी जाळीतून वसईकरांचा आवाज आला, "अरे, ते आजोबा गेल्या महिन्यात वारले. माझ्याकडे आल्या होत्या ना मघाशी, तेव्हा म्हणाल्या."

हे मला सांगायला आजींना फार तर अर्धं मिनिट लागलं असतं. ते अर्धं मिनिट मी वाचवलं. कुठल्या खात्यात जमा केलं, ते अजून सापडलेलं नाही.

त्या दिवशी मी वसईकरांना गाडीपर्यंत सोबत केली आणि विचारलं, कामाच्या मधोमध थांबणं हे पुण्य की कामचुकारपणा? आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, आधी काम, मग आराम. वसईकर म्हणाले, "काम संपतं का कधी?" सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यात त्यांनी बजावून ठेवलंय, प्रार्थनेची खूण झाली की हातात असेल ते टाकून निघायचं. "एवढं संपवून आलोच" याला जागाच ठेवलेली नाही. म्हणजे काम संपल्यावर थांबण्यात कसलं आलंय मोठेपण? ते अर्धवट असताना थांबायचं, आणि आपल्यावाचून जगाचं काही अडत नाही हे रोज एकदा बघून घ्यायचं. (माझ्यावाचून शाखेचं अडत नाही, हे मॅनेजरांनी मला पूर्वीच सांगितलं होतं, पण त्यात अध्यात्म नव्हतं.)

मला जास्त आवडले ते संत इग्नेशियस लोयोला. त्यांच्या १५४८ साली छापलेल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात एक युक्ती आहे. आपला एक दोष धरायचा. आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी दोन रेघा ओढायच्या. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर मन तपासायचं आणि जितक्यांदा घसरलो तितके ठिपके रेघेवर द्यायचे. मग सकाळशी संध्याकाळ, कालच्याशी आज, या आठवड्याशी मागचा आठवडा ताडून बघायचा. अहो, हा तर रोजमेळ! माझ्यातला कॉमर्सवाला गहिवरला. मी डायरीत दोष लिहिला, 'घाई'. पहिल्याच दिवशी दुपारी चौदा ठिपके, रात्री एकोणीस. शिवाय ठिपके घाईघाईत दिले, त्याबद्दल एक जादा.

बारा वाजता मीही पेन खाली ठेवू लागलो. मी काही ख्रिस्ती नाही, मरीयेचा निरोप मला पाठ नाही. मी आपला रांगेतल्या पहिल्या माणसाचा चेहरा बघत बसतो. सुरुवातीला ते मिनिट अधिक महिन्यासारखं लांबायचं. गॅसचा नंबर, घराचा हप्ता, इस्त्रीचे कपडे, सगळे त्या मिनिटातच भेटायला यायचे. रांगेतल्या माणसाचं मिनिट मी कुठल्या हक्कानं खर्च करतो, हा प्रश्नही यायचा. अजून येतो. त्याची बाकी जुळवणं मला जमलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आजी मृत्यूचा दाखला घेऊन पुन्हा आल्या. मी उठून त्यांना आत खुर्ची दिली, फॉर्म मीच भरायला घेतला आणि मागच्या वेळचं चुकलं म्हणालो. त्यांना ते आठवत नव्हतं, किंवा तसं त्यांनी दाखवलं. म्हणाल्या, "अहो, आयुष्यभर ते मला म्हणायचे, चल लवकर, बँक बंद होईल. मी आपली मागे मागे. शेवटी कंटाळून एकटेच पुढे गेले." आणि हसल्या. मग डोळ्यांना पदर लावला. मी फॉर्मवर पेन तसंच धरून बसलो.

अकरा मिनिटं लागली. रांगेतून कोणीतरी ओरडलं, "अहो साहेब, इथे आमचे बारा वाजले!"

मी घड्याळाकडे पाहिलं. खरंच वाजले होते. पिंजऱ्यात वसईकरांनी पेपरवेट उचललं. मीही पेन खाली ठेवलं.