वाचायचं कुठल्या भाषेत?

लाइपझिगला आत्याची श्रेबर-बाग आहे. 1860च्या दशकात याच शहरात मुलांच्या मैदानाकडेला वाफे आखले गेले आणि भाड्याच्या छोट्या बागांची ही चाल पुढे जर्मनीभर पसरली. त्या बागेत गवत उपटता उपटता आमचं सुरू झालं.

"आत्या, वर्षभर मराठी वाचणं बंद करायचं ठरवतेय."

"का गं?"

"जर्मन वाचून दमले की हात मराठी पुस्तकाकडेच जातो. तो आडोसा आहे तोवर मी पुढे सरकणार नाही. झुंपा लाहिरीनं 2012मध्ये रोमला जाण्याआधीच इंग्रजी वाचणं सोडलं होतं. पुढे तिनं इटालियनमध्ये पुस्तक लिहिलं."

"ती लेखिका. तुला काय लिहायचंय?"

"काही नाही. पण जर्मनचं प्रत्येक पान मी परीक्षेसारखं वाचते, नामांची लिंगं तपासत. मला लोळत पडून वाचायचंय."

"जर्मन वाक्य चांगलं आहे की नुसतंच बरोबर, हे कळतं तुला?"

"अजून नाही."

"मराठीतलं कळतं ना? तो कान मराठीनं दिलाय. तोच वर्षभर बंद ठेवून जर्मन कशानं ऐकणार? आणि जर्मन ट्रॅममध्ये आहे, दवाखान्यात आहे, शेजारी आहे. इथल्या डॉयचे ब्यूखेराइ ग्रंथालयात 1913पासूनची जर्मन पुस्तकं जपून ठेवली आहेत, ती कुठे जात नाहीत. मराठी इथे तू वाचशील तेवढीच."

"ट्रॅममधली भाषा म्हणजे साहित्य नव्हे, आत्या. आणि तुझं मराठी? तुझ्या कपाटातलं सगळ्यात नवं पुस्तकसुद्धा तू इथे येण्याआधीचं आहे."

आत्या थांबली. "खरं आहे. पण तेच पुस्तक चाळिशीत वेगळं लागतं, साठीत वेगळं."

"आज तिकडे कोण लिहितंय, माहितीये?"

"नाही."

मला वाटतं, खरा पेच इथेच आहे. संध्याकाळचा तास एकच असतो. तो ज्या भाषेला द्यावा ती जवळ येते आणि दुसरी तेवढीच मागे पडते. दोन्हीकडे पूर्ण वाचक राहणं परदेशात कुणाला जमत असेल, यावर माझा विश्वास नाही. हे नुकसान मला मनापासून बोचतं.

"धर्मानंद कोसंबी आठव," आत्या म्हणाली. "गोव्यातून निघाले, काशीला संस्कृत, सिलोनात पाली, पुढे हार्वर्डला ग्रंथसंपादन. आणि बुद्ध सांगितला तो मराठीत."

"त्यांच्यापुढे काम होतं. मला फक्त आवड आहे."

"आवडीला काम लावून घे. वाच जर्मन, मराठी नको वाचूस वर्षभर. पण वाचलेलं दर रविवारी मला मराठीत सांगायचं."

"अडखळेन."

"अडखळ. काय वाचतेयस सध्या?"

"एरिश केस्टनर. मुलांचं आहे, 'एमिल'."

"शिकला इथल्याच विद्यापीठात तो. पहिल्या प्रकरणापासून सांग, आणि ती खुरपी दे इकडे."