शिजवलेली हळद

दिवाळीच्या उटण्यात हळद हवीच. हिंगोली जिल्ह्यातील वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तिथला शेतकरी हळकुंडे शिजवून, वाळवून बाजारात नेतो. पण निवडक जेठे गड्डे बेण्यासाठी न शिजवता राखतो. शिजलेली हळद रंग देते, कोंब देत नाही.

शेतीबागांवर लिहिणाऱ्यांच्या विद्येचेही असेच आहे. २०२५ साली राज्य सरकारने ‘महाविस्तार’ आणले. आता पानांवरच्या करप्याचा उपाय कृत्रिम बुद्धिमत्तेला मध्यरात्रीही मराठीत विचारावा. ज्याला लेखकापर्यंत पोचणे दुरापास्त होते, त्याचे यात भलेच आहे. चार पुस्तके चाळून पाचवे लिहिणाऱ्याने तर कुरकुरूच नये. त्याचे काम यंत्र अधिक झटपट करील.

परंतु यंत्राचे ज्ञान आले कोठून? कोणीतरी चिखल तुडवीत बांधावर गेला, सडका कंद उकरून पाहिला, मग लिहिले. ते फुकट घ्यायचे आणि लिहिणाऱ्याला उपाशी ठेवायचे, हा न्याय नव्हे. उद्या नवा रोग आला, तर तो पाहून सांगणार कोण?

वाचकहो, यंत्राची हळद खुशाल वापरा; पण बेणे राखणाऱ्याला विसरू नका.